अर्ध्या कोयत्याची कॅप्टन

मांजरसुंब्याच्या चौकात मागच्या डिसेंबरात एक फ्लेक्स लागला होता. एवढा मोठा, की त्याच्या सावलीत दोन ट्रक आरामात उभे राहायचे. वर ठसठशीत अक्षरांत ‘बीडच्या कन्येची गरुडझेप’, मधोमध धर्मापुरीचे पुढारी विजयसिंह यांचा हात जोडलेला फोटो, शेजारी त्यांची लेक स्वप्नाली, काखेत रग्बीचा चेंडू घेऊन. आणि अगदी तळाला, शुभेच्छुकांच्या रांगेत, एक सरपंच आणि सोसायटीचे चेअरमन यांच्यामध्ये दाबून बसवलेला चेहरा वर्षाराणी तांदळेचा.

वर्षाराणी ही भारताच्या मुलींच्या रग्बी संघाची कॅप्टन. स्वप्नाली तिच्या संघात खेळणारी. पण हे फ्लेक्सवाल्याला कुणी सांगितलं नव्हतं. आलेल्या फोटोंत जो मोठा होता तो त्याने मोठा छापला आणि जो छोटा होता तो शुभेच्छुकांत घातला. त्या बिचाऱ्याचा काय दोष?

परदेशातली एक स्पर्धा हरून वर्षाराणी त्या दिवशी आईबापाकडे चालली होती. बस चहाला थांबली, ती उतरली, तिने फ्लेक्स पाहिला आणि मोठ्याने हसून चहावाल्याला म्हणाली, “दादा, ती खालच्या रांगेतली बाई बघा. मीच हाय ती.”

चहावाल्याने एकदा वर पाहिलं, एकदा तिच्याकडे. “शुभेच्छुक का तुमी?”

“हाव. माझं अभिनंदन मीच केलंय.”

“ते कावून?”

“कारण कॅप्टन मी हाय.”

“कशाची?”

“रग्बीची.”

चहावाला विचारात पडला. “कबड्डीवानी असतंय का ते?”

“तसंच. फक्त दम धरायचा न्हाई, पोरगी धरायची.”

चहावाल्याला खेळ समजला. त्याने तिच्या चहात साखर जास्तीची टाकली आणि पुन्हा एकदा फ्लेक्सकडे पाहून मान हलवली.

वर्षाराणीचं हसू खोटं नव्हतं. ती मोठ्याने हसणारी पोरगी, आणि असल्या गोष्टींवर तर हमखास. पण काळजी होती तीही खरी होती. निघताना कोच देबजानी मॅडमनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, मार्चमध्ये काठमांडूला शेवटची संधी. तिथून वरच्या गटात पोचलो नाही तर समिती कॅप्टन बदलणार. बदलून कुणाला करणार हे मॅडम बोलल्या नाहीत. पण ते मांजरसुंब्याच्या चौकात मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलेलं होतंच.

आता ही पोरगी बीडसारख्या ठिकाणी रग्बीला लागलीच कशी, ते सांगायला हवं. खेळाच्या वेडाने नव्हे, पोलीस भरतीच्या वेडाने. बीडमध्ये पहाटे बायपासवर जाऊन बघा. दूध घालायला निघालेल्यांपेक्षा भरतीसाठी पळणारी पोरंपोरी जास्त दिसतील. बारावी झाल्यावर वर्षाराणीही त्यांत पळू लागली. तिच्या अकॅडमीचे भागवत सर मोठे व्यवहारी माणूस. भरतीत खेळाडूंना राखीव जागा असतात, पण कबड्डी-खोखोचं प्रमाणपत्र मिळवायचं तर अख्खा महाराष्ट्र रांगेत उभा. सरांनी शोध घेतला, की असा कोणता खेळ आहे ज्यात आपल्या जिल्ह्यात एकही माणूस नाही.

“जिथं गर्दी न्हाई तिथं शिरा बे,” असं पोरांना सांगून त्यांनी पुण्याहून एक लांबुळका चेंडू मागवला. नियम मोबाइलवर बघितले. बघताना मधेच कुणाचा तरी फोन आला असावा, कारण एक नियम राहून गेला. राज्य स्पर्धेत बीडच्या मुली उतरल्या आणि रेफरीने पहिल्या दोन मिनिटांत सात वेळा शिट्टी वाजवली. तेव्हा कळलं, की या खेळात हाताने चेंडू पुढे फेकायचाच नसतो. पळायचं पुढे आणि चेंडू द्यायचा मागे. मागून आपलं माणूस येतच असेल असा भरवसा ठेवून.

बीड त्रेसष्ट-शून्य असं हरलं. पण त्या त्रेसष्टात एक गोष्ट निवड समितीतल्या बाईंनी टिपली. बीडची एक बुटकी, रुंद खांद्यांची मुलगी ज्या कुणाला धरत होती ती पुन्हा उभी राहत नव्हती. बाईंनी विचारलं, “व्यायाम कुठे करतेस?”

“ऊसात,” वर्षाराणी म्हणाली.

तिच्या आईबापाला, भिवराबाई आणि उत्तरेश्वरला, दर दिवाळीनंतर मोहनराव मुकादमाच्या टोळीत ऊसतोडीला जावं लागे. सुट्टी लागली की वर्षाराणी त्यांच्याबरोबर मोळ्या उचलायची. डोक्यावर मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून वर चढायचं, फळी खाली लवत असते, मागून दुसरी बाई चढत असते, थांबायची सोय नाही. हे ज्याला जमतं त्याला समोरून धावत येणाऱ्या पोरीची कसली भीती?

ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकाने तोडायचं, दुसऱ्याने पाचट साळून मोळी बांधायची. एकटाच आलेला माणूस म्हणजे अर्धा कोयता. त्याला कोणताच मुकादम खुशीने घेत नाही, आणि घेतलं तरी त्याची पात, म्हणजे त्याला वाटून दिलेला सऱ्यांचा पट्टा, सगळ्यांच्या मागे रखडतो. मग ज्यांची पात आधी संपते ते फिरून रखडलेल्याच्या पातीला समोरच्या टोकाने लागतात. कुणी बोलवायला जायचं नसतं. ती टोळीची रीतच आहे.

वर्षाराणी भरतीच्या नादाने बीडला राहिली त्याच वर्षी उत्तरेश्वरची कंबर धरली, ती कायमची. तो कोपीवर, म्हणजे टोळीच्या मुक्कामाच्या झोपडीत, राहून स्वयंपाक करू लागला. त्याच्या भाकरीला असे पदर सुटायचे, की टोळीतल्या बायका आपापल्या नवऱ्यांना त्याच्याकडे शिकवणीला पाठवायची धमकी द्यायच्या. तो मजेत होता. पण भिवराबाई अर्धा कोयता झाली. त्याच साली टोळीतल्याच, वाडीत शेजारी राहणाऱ्या ताराबाईचा नवरा ट्रॅक्टरवर ड्रायव्हर म्हणून लागला आणि ताराबाईही अर्धी राहिली. मोहनरावांनी दोघींचा मिळून एक कोयता केला.

अडचण एकच होती. त्या दोघी आठ वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. ताराबाईच्या शेळीने भिवराबाईच्या वाळत घातलेल्या कुरडया खाल्ल्या होत्या. एकदा नाही, दोनदा. दुसऱ्यांदा भिवराबाईने शेळी बांधून ठेवली, आणि ताराबाईने साऱ्या वाडीभर केलं, की भिवरीने शेळी चोरली.

आता बोलणं नाही आणि काम तर जोडीने करायचं. यावर त्यांनी तोड काढली. त्या उसाशी बोलू लागल्या.

“ए ऊसा,” भिवराबाई म्हणायची, “तिला सांग, मोळी आवळून बांध. सुटायली.”

“ऊसा, आधी तिला म्हनावं बुडातून तोड. वरवर काय भादरायलीस?”

संक्रांतीला वर्षाराणी आली तेव्हा हा तमाशा बघून हसून हसून आडवी झाली. पण दोन दिवसांनी तिच्या एक गोष्ट लक्षात आली. या दोघींचा एकमेकींवर काडीचा विश्वास नव्हता, म्हणून प्रत्येकीचा एक डोळा सतत दुसरीवर होता. आईने कंबर सरळ करायला मान वर केली की ताराबाईचा कोयता तिच्या सरीत आलेलाच असायचा. ताराबाईच्या पायात पाचट अडकलं की आईचा हात पुढे. गोडीगुलाबीच्या जोड्या गप्पा मारत मागे राहायच्या आणि या भांडकुदळ जोडीची पात सगळ्यांच्या आधी संपायची.

वर्षाराणीला पोलीस भरतीला लागणारं खेळाडूचं प्रमाणपत्र मिळालं, पण तोवर ती भारताच्या संघात गेली होती आणि भरती राहूनच गेली. तेविसाव्या वर्षी ती कॅप्टन झाली. बारा मुली, सहा राज्यं, प्रत्येकीची हिंदी वेगळी. ओडिशाची मुलगी म्हणायची केरळची उद्धट आहे, केरळची म्हणायची ओडिशाची रात्रभर पंखा चालू ठेवते. देबजानी मॅडम म्हणाल्या, यांचा संघ करायचं काम तुझं.

वर्षाराणी आठवडाभर काहीच बोलली नाही. फक्त मेसमध्ये कोण कुणापासून लांब बसतं तेवढं बघत राहिली. आठव्या दिवशी तिने जोड्या लावल्या, जी जिच्यापासून सगळ्यांत लांब बसायची तिची तिच्याशी. मुलींनी गिल्ला केला. वर्षाराणीने ऐकून घेतला आणि मग रीत सांगितली. जोडीदारीण पडली की तू तिच्यावर उभी. तिच्या हातात चेंडू असला की तू तिच्या मागे. तुमचं दोघींचं काम उरकलं की जिचं रखडलंय तिच्याकडे जायचं, हाक मारायची वाट बघायची नाही. महिन्याभरात केरळची मुलगी मैदानात “कोयता! कोयता!” असं ओरडू लागली, अर्थ पुरता न कळता, आणि ओडिशाची तिच्या पाठीशी हजर होऊ लागली. पंख्याचं भांडण मात्र मिटलं नाही. वर्षाराणीने ते मिटूही दिलं नाही.

संघ जिंकू लागला. जुन्या खेळाडू विचारू लागल्या, ही पद्धत कुठल्या देशाची? वर्षाराणी म्हणायची, “माजलगाव तालुक्याची.”

पण मैदानात मुली सात असतात. तीन कोयते झाल्यावर एक उरते. ती उरलेली वर्षाराणीने स्वतःला ठरवलं. कॅप्टनला कशाला हवा जोडीदार? कॅप्टनने सगळ्यांच्या पातीवर जायचं. ऐकायला हे फार थोर वाटतं. मॅडमनाही थोर वाटलं. खरी गोष्ट निराळी होती. तिच्याच नियमाने तिच्या वाट्याला स्वप्नाली यायला हवी होती, आणि स्वप्नाली तिला नको होती.

दोघी बीड जिल्ह्याच्या, संघात मराठी बोलणाऱ्या दोघीच, आणि मेसमध्ये दोघी दोन टोकांना. स्वप्नाली पुण्याच्या शाळेत वाढलेली, रग्बी तिथेच शिकलेली, पायाने चपळ. संघात आली त्या पहिल्याच दिवशी तिने सगळ्यांसमोर वर्षाराणीचा हात हातात घेऊन म्हटलं होतं, “माझे बाबा तुमच्या मुकादमांना चांगलं ओळखतात. काही लागलं तर सांग हं.” मनाने चांगलंच बोलली ती. पण वर्षाराणीच्या अंगाची लाही झाली. तिने त्याच दिवशी ठरवून टाकलं, की काहीही होवो, हिला काही म्हणून सांगायचं नाही. पाण्याची बाटलीसुद्धा तिने कधी स्वप्नालीकडे मागितली नाही. जोड्या लावताना स्वप्नाली तिने फुलमणीला देऊन टाकली. फुलमणी ही ओडिशाचीच दुसरी, मयूरभंजची, वाऱ्यासारखी पळणारी, कुणाशीच भांडण नसलेली पोरगी. हा नियम एकट्या कॅप्टनसाठी वाकला होता आणि ते कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

डिसेंबरच्या स्पर्धेत ते भोवलं. तीन सामन्यांत वर्षाराणी चेंडू घेऊन घुसली, पकडली गेली, मागे द्यायला वळली तर मागे कुणी नाही. तिन्ही वेळा चेंडू हिसकावला गेला. सगळे म्हणाले नशीब खराब. वर्षाराणीही तेच म्हणाली.

अशी ही हरलेली कॅप्टन मांजरसुंब्याचा चहा पिऊन माजलगावच्या बाजूला टोळी उतरली होती तिथे पोचली. दुपारी उसाच्या फडाच्या कडेला सगळे जेवायला बसले. उत्तरेश्वरने लेकीसाठी ठेच्यात शेंगदाणे जास्त घातले होते. मोहनरावांनी मोबाइल काढला, हरलेला सामना लावला आणि पाण्याच्या घागरीला टेकवून ठेवला.

भिवराबाईला रग्बीतलं ओ की ठो कळत नव्हतं. तिने भाकरी चावत अख्खा सामना बघितला. मग म्हणाली, “सगळ्या पोरींमागं एकेक पोरगी पळायली. तुझ्यामागं कोन हाय?”

“मी कॅप्टन हाय, आई. मी सगळ्यांच्या पातीवर जाते.”

“ते दिसलं. तुझ्या पातीवर कोन येतंय?”

वर्षाराणीने भाकरीचा तुकडा मोडला.

“अर्धा कोयता खेळायलीस तू,” भिवराबाई म्हणाली. “आन अर्धा कोयता मागंच ऱ्हातो. कॅप्टन असू दे, न्हाईतर मुकादम असू दे.”

शेजारी ताराबाई बसली होती, भिवराबाईकडे पाठ करून. ती तिथूनच म्हणाली, “वर्षे, तुझं माझं काई भांडन न्हाई म्हनून तुला सांगते. तुझ्या टोळीत तुझी ताराबाई कोन हाय? तिला घे.”

“हे मात्र बराबर बोलली,” भिवराबाई हातातल्या भाकरीला म्हणाली.

वर्षाराणीला क्षणभरही विचार करावा लागला नाही. कोण ते तिला दोन वर्षांपासून माहीत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने परळीची एसटी धरली आणि तिथून धर्मापुरीची जीप.

विजयसिंह ओसरीवर लोकांच्या गराड्यात बसलेले. तिला बघून ते उठलेच. “या, या, कॅप्टनसाहेब! आमचा फ्लेक्स बघितला का नाही?”

“बघितला ना काका. मी शुभेच्छा दिल्यात तुमाला.”

गराड्यातली दोन माणसं फिसकन हसली. विजयसिंहांना पत्ता लागला नाही. आतून स्वप्नालीची आई वनमालाबाई पोहे घेऊन आल्या आणि हळूच म्हणाल्या, “त्या फ्लेक्सवरून बापलेकीचं आठ दिवस बोलणं बंद आहे बरं का. तू जा, मागे मैदानात आहे ती.”

जुन्या देवळापलीकडच्या मोकळ्या रानात स्वप्नाली एकटीच चेंडू उंच उडवून झेलत होती. वर्षाराणीला पाहून थांबली.

“मला तू पाहिजेस,” वर्षाराणी म्हणाली. वाटेत तिने चांगली चार वाक्यं जुळवली होती. त्यांतलं एकही तोंडाला आलं नाही. “माझ्यामागं. जोडीला.”

“काही लागलं तर सांग म्हणून मी पहिल्या दिवशीच म्हटलं होतं. तू दोन वर्षांनी सांगतेयस.”

“तू वडलांच्या नावानं म्हनली होतीस. तुझ्या वडलांकडून मला काईच नको होतं.”

स्वप्नालीचा चेहरा पडला. तिने चेंडू एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. “ते मला तेव्हा कळलं नाही गं. घरात सगळे तसंच बोलतात.”

“जाऊ दे.”

“आणि आता?”

“आता तुझ्याकडून पाहिजे.” वर्षाराणीने मनातलं उरलेलंही बोलून टाकलं. “काठमांडूला हरलो तर कॅप्टन तू होशील. हे तुलाबी म्हाईत हाय, मलाबी. तरी माझ्यामागं पळशील का?”

स्वप्नाली भडकलीच. “हे विचारायला एवढ्या लांब आलीस? मला कॅप्टन व्हायचंय, खोटं कशाला बोलू? पण तुझ्या पडण्यामुळे नाही व्हायचं मला.”

“मंग चल, दाखव पळून.”

दोन तास दोघी त्या रानात पळाल्या. पहिल्याच धरपकडीत स्वप्नालीने कॅप्टनला बाभळीच्या झुडपात पाडलं. दोन वर्षांचा राग होता, वाया कशाला घालवायचा? वर्षाराणीच्या दंडातले काटे वनमालाबाईंनी सुईने काढले.

मार्चमध्ये काठमांडूला संघ नव्या मांडणीने उतरला. अर्धा कोयता म्हणून आता फुलमणी शेवटच्या फळीत एकटी राहिली, आणि ती खूश होती. घरी शंभर गुरं एकटीने राखलेली पोरगी, एकटेपणाची तिला सवयच. कॅप्टन आणि स्वप्नाली गोडीने वागत होत्या असं मुळीच नाही. “उशीर केलास,” “चेंडू खाली दिलास,” “डोळे आहेत का?” असं सामन्याची चौदाही मिनिटं चालायचं. पण वर्षाराणी पकडली गेली की मागे हात असायचाच. पहिले तीन सामने जिंकले. चौथा जिंकला की वरचा गट.

समोर फिलिपिन्सच्या मुली. शेवटची दोन मिनिटं राहिली तेव्हा भारत बारा, त्या दहा. त्यांची सगळ्यांत धिप्पाड मुलगी वर्षाराणीच्या अंगावर आली. वर्षाराणीने तिला धरलं, पाडलं, आणि खाली पडताना तिच्या स्वतःच्या खांद्यात कट् असा आवाज झाला. हात जागेवर होता, पण तो तिचा राहिला नव्हता.

डोळे उघडले तर वर स्वप्नाली उभी, रीतीप्रमाणे.

“उठू नकोस. बाहेर जा.”

“दोनच मिनिटं राहिलीत.”

“म्हणूनच जा. एका हाताने तू कुणाला धरणार आहेस?”

मैदानाबाहेरून मॅडम हात करून विचारत होत्या, काय करायचं? ठरवायचं कॅप्टनने होतं. वर्षाराणी आजवर कधी बाहेर गेली नव्हती. बोट मोडलं तेव्हा नाही, कपाळाला टाके पडले तेव्हा नाही. अर्धी पात टाकून बांधावर जाऊन बसायचं हे तिच्या घरातच कुणाला माहीत नव्हतं. शिवाय हिशोब तिच्या डोळ्यांसमोर लख्ख होता. आपण बाहेर गेलो आणि संघ हरला, तर कॅप्टनकी गेली. आपण बाहेर गेलो आणि स्वप्नालीच्या हाताखाली संघ जिंकला, तरी गेलीच. आत राहिलो तर निदान आपल्या हातात काहीतरी राहील. तो एक हात, जो आता उचलत नव्हता.

ती उठली, रेफरीकडे गेली आणि चांगल्या हाताने स्वप्नालीकडे बोट केलं. “कॅप्टन.”

बाहेरच्या बाकावर ती बसली. मॅडमनी खांद्यावर बर्फ धरला. आणि वर्षाराणीने आयुष्यात पहिल्यांदा आपला संघ बाहेरून बघितला.

फिलिपिन्सच्या मुलींनी बरोबर तिच्या रिकाम्या बाजूनेच धडक मारली. कुणीही मारली असती. बदली आलेली मुलगी एकोणीस वर्षांची, तिचा हा दुसराच सामना. ती भिडली, पण हुकली. तिच्या मागे स्वप्नाली होती. स्वप्नालीने समोरच्या पोरीची कंबर धरली पण चेंडू सुटला नाही, तोच केरळ आणि ओडिशा दोन्ही बाजूंनी आल्या, आणि त्यांच्याही मागे फुलमणी. कुणी कुणाला हाक मारली नव्हती. एक पात रखडली होती आणि सगळी टोळी फिरून तिला समोरच्या टोकाने लागली होती. चेंडू बाहेर गेला. वेळ संपल्याची शिट्टी झाली. भारत वरच्या गटात पोचला.

वर्षाराणी बाकावर बसल्या बसल्या रडली. आनंदाने रडली, आणि थोडं वाईट वाटलं म्हणूनही रडली. आपल्यावाचून काही अडलं नाही हे बघायला कॅप्टनला बरंही वाटतं आणि जिवाला लागतंही. ज्याने कधी काही उभं केलंय त्यालाच हे कळेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी, हात गळ्यात बांधून ती हॉटेलच्या गच्चीवर उन्हात बसली होती, तेव्हा देबजानी मॅडम पुढच्या स्पर्धेची यादी घेऊन आल्या. कॅप्टन वर्षाराणी तांदळे. उपकॅप्टन स्वप्नाली. वर्षाराणीने ती ओळ तीनदा वाचली. मॅडम एवढंच म्हणाल्या, समितीत फारशी चर्चा झालीच नाही, सगळ्यांनी ती दोन मिनिटं बघितली होती. स्वप्नालीने यादीत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, “ठीक आहे. पुढच्या वर्षी बघू.” ती गमतीने बोलली नव्हती, आणि वर्षाराणीला तेच आवडलं.

तेवढ्यात मोहनरावांच्या नंबरवरून व्हिडिओ कॉल आला. आधी नुसता ऊस दिसला, मग उत्तरेश्वरची टोपी, मग कुणीतरी मोबाइल सरळ धरला आणि भिवराबाई दिसली, डोक्याला फडकं बांधलेली.

“बघितलं का आई?”

“समद्या टोळीनं बघितलं. मोहनरावांनी तोडणी थांबवली तासभर. हात लई दुखायला का?”

“दुखायलाय.”

“आन कॅप्टन? हायस का न्हाईस?”

“हाय.”

“बरं झालं.” भिवराबाईने फडक्याने तोंड पुसलं. मग तिने मोबाइल स्वतःच्या हातात घेतला आणि पडद्यावर नुसती तिची बोटं दिसू लागली.

“आई?”

“तू त्या बाकड्यावर बसलीस ना,” भिवराबाई म्हणाली, “पाय लांब करून? जिंकल्याचं काई न्हाई, पर ते बघून मला लई बरं वाटलं. चालाय लागल्यापून तुला बसलेली मी बघितलीच नव्हती, पोरी.”